मालवणच्या समुद्रात उतरताना : एका कौटुंबिक सफरीची तयारी

सुट्टी जवळ आली की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. यंदा कुठे जायचं? मोबाईलवर मालदीवचे व्हिडिओ पाहून मुलं हट्ट धरतात. निळं पाणी, पांढरी वाळू आणि पाठीवर हवेची टाकी लावून माशांच्या मधून पोहणारी माणसं! पासपोर्ट, विमानाचं तिकीट आणि तिथलं राहणं यांचा हिशेब मांडला की आमच्यासारख्या पगारदार कुटुंबाचा आवाज आपोआप खाली येतो. पण असा समुद्र आपल्याच राज्यात, रेल्वेच्या एका रात्रीच्या अंतरावर आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं मालवण आणि शेजारची तारकर्ली, देवबाग ही गावं म्हणजे महाराष्ट्रातलं स्कुबा डायव्हिंगचं माहेरघर.

आम्ही विक्रोळीकर तसे पाण्याशेजारीच राहतो. पूर्वेला कांदळवन आणि त्यापलीकडे ठाण्याची खाडी. पण खाडीचं पाणी गढूळ, चिखलाचं. त्यात हात घातला तर बोटं दिसत नाहीत. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी प्रवाळ फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलं आहे. म्हणून यंदा चार घरं मिळून मालवणला जायचं ठरवलं आणि तयारीला लागलो. त्यातून जे कळलं, ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून इथे मांडत आहोत.

मालवणच का?

मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याची पायाभरणी केली. चारही बाजूंनी खारं पाणी, तरी किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. मुलांना हे दाखवताना महाराजांच्या आरमाराच्या प्रमुखांमध्ये दौलत खान हेही होते, हे आवर्जून सांगावं. कोकणच्या समुद्राशी आपलं नातं जुनं आहे.

याच भागातला समुद्र 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आणि रंगीत मासे आढळतात. पाणी फार खोल नाही, म्हणून पहिल्यांदा उतरणाऱ्यांना ही जागा सोयीची. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्थाही आहे.

केव्हा आणि कसं जायचं?

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि बोटी बंद असतात. डायव्हिंगचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाचं गढूळ पाणी निवळायला थोडा वेळ लागतो. त्यामुळे दिवाळीची सुट्टी असेल तर तिचा शेवटचा आठवडा निवडावा. डिसेंबरअखेर पाणी छान असतं, पण गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात.

विक्रोळीहून लोकलने ठाणे गाठावं. कोकणकन्या, मांडवी आणि तुतारी या तिन्ही गाड्या तिथे थांबतात. उतरायचं कुडाळला. तिथून मालवण साधारण तीस किलोमीटर, एसटी किंवा रिक्षाने. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या तारखा लगेच भरतात. म्हणून तारीख ठरली की आधी तिकीट काढावं, मग खोली पाहावी.

नमाज आणि जेवण

आमच्या चार घरांत दोन कोकणी शाफई आहेत आणि दोन हनफी. त्यामुळे हा विषय आधीच बोलून घेतला. मालवणचं अंतर एवढं आहे की दोन्ही मसलकांत कसरची सवलत लागू होते. हनफी मसलकात पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्कामाचा इरादा असेल तर कसर. शाफई मसलकात येण्या-जाण्याचे दिवस सोडून पूर्ण चार दिवस राहायचा इरादा असेल तर कसर नाही. तीन रात्रींच्या सफरीत हा प्रश्न उरत नाही. सफरीत दोन नमाजी एकत्र पढण्याची सवलत शाफईंना आहे, हनफींना नाही. जमातीने पढताना गोंधळ होऊ नये म्हणून निघण्यापूर्वी आपल्या मौलानांना विचारून घ्यावं.

जेवणाचंही तसंच. सुरमई, बांगडा, पापलेट सर्वांना चालतात. कोळंबीबाबत हनफी उलमांमध्ये मतभेद आहेत आणि तिसऱ्या हनफी घरांत खात नाहीत. एकाच टेबलावर बसून कुणी कुणाच्या ताटाकडे पाहू नये, एवढं मुलांना समजावलं की पुरे. चिकन-मटणाबाबत हलालची खात्री नसेल तर मासे आणि सोलकढी असताना अडतं कुठे?

पाण्याखाली नेमकं काय होतं?

पोहता येत नसलं तरी पहिला अनुभव घेता येतो, कारण प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो. पण शरीराला काय होतं, हे आधी समजलं तर भीती कमी होते. जमिनीवर हवेचा जो दाब असतो, तो पाण्याखाली दहा मीटरवर दुप्पट होतो. त्यामुळे खाली जाताना कानात दडे बसतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं की कान मोकळे होतात. हे घरीच चार वेळा करून पाहावं.

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. श्वास कधीही रोखून धरायचा नाही. खाली घेतलेली हवा वर येताना फुगते. श्वास रोखलेला असेल तर फुप्फुसांना इजा होऊ शकते. तोंडाने संथ श्वास घ्यायचा आणि संथ सोडायचा.

दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर उतरू नये. साधी सर्दी असली तरी कान मोकळे होत नाहीत, त्या दिवशी काठावरच थांबावं. दहा वर्षांखालच्या मुलांना खुल्या समुद्रात स्कुबासाठी नेऊ नये. त्यांच्यासाठी गुडघाभर पाणी आणि किल्ला पुष्कळ आहे. विमानाने परतणार असाल तर डायव्ह आणि विमान यांत किमान 18 तासांचं अंतर ठेवावं.

चष्म्यावर मास्क बसत नाही. मिशीचे केस मास्कखाली आले तर पाणी झिरपतं. दाढीची सहसा अडचण होत नाही.

मुलींचं काय?

खरा वाद इथेच झाला. आमच्याकडे सफरीत मुलगे पाण्यात आणि मुली काठावर बॅगा सांभाळत, हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. यावेळी नववीतल्या मुलीने सरळ विचारलं, "अब्बू, भाईजानला पोहता येत नाही तरी तो जाणार. मला पोहता येतं, मग मी का नाही?" दादीजान म्हणाल्या, "पाण्याचा काय भरवसा, बेटा? आणि ते अंगाला चिकटणारे कपडे!"

दोन्ही बोलणी खरी होती. म्हणून आम्ही हो-नाहीच्या वादात न पडता उपाय शोधले. वेटसूटवर सैल, गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा झगा घालता येतो. डोक्याला घट्ट बसणारी टोपी चालते, फक्त तिची कड मास्कखाली जाता कामा नये. लोंबणारी ओढणी आणि पिना मात्र नकोत, त्या नळीत अडकतात. बुकिंग करताना तीन गोष्टी विचारायच्या : महिला प्रशिक्षक आहे का, कपडे बदलायला बंद जागा आहे का आणि पूर्ण बोट आपल्याच कुटुंबांना मिळेल का? चार घरं एकत्र असल्याचा इथे फायदा होतो. फोटो-व्हिडिओ कुणाकडे राहणार, तेही आधीच ठरवावं. पुढे जाहिरातीत आपल्या मुलीचा चेहरा दिसला असं नको.

हे सगळं ऐकल्यावर दादीजान एवढंच म्हणाल्या, "मग तिची अम्मीही बोटीत बसेल." ठरलं.

भरवसा पाण्याचा नव्हे, तयारीचा

दादीजानची भीती पोकळ नाही. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. लक्षात घ्या, हा अपघात पाण्याखाली नव्हे, परतीच्या वाटेवर झाला. म्हणून बोटीत पाय ठेवण्यापूर्वी पाहायचं : बोटीची नोंदणी आणि माणसांची मर्यादा किती, प्रत्येकाला बकल लागणारं लाइफ जॅकेट आहे का, प्रशिक्षकाकडे प्रमाणपत्र आहे का, प्रथमोपचार आणि ऑक्सिजनची सोय आहे का? जास्त माणसं भरली असतील तर पैसे बुडाले तरी उतरून जावं. सकाळची वेळ घ्यावी, दुपारनंतर वारा वाढतो. सकाळी गेलं की जोहरपर्यंत निवांत परतताही येतं. आणि लाइफ जॅकेट किनारा लागेपर्यंत काढायचं नाही, मग कितीही उकडो.

निघण्यापूर्वी महिनाभर मुलांना पोहायला घालावं. मुलुंडला महापालिकेचा तलाव आहे. महिलांसाठीच्या वेळेची चौकशी करावी. मालवणची सफर तीन दिवसांत संपेल, पण पोहणं जन्मभर सोबत राहील.

समुद्राच्याही काही अमानती आहेत. प्रवाळ दगडासारखं दिसलं तरी जिवंत असतं. त्यावर पाय ठेवू नये, तोडून आणू नये. माशांना पाव घालू नये. प्लास्टिक परत पिशवीत यावं. मुलांना हे सांगायला किनाऱ्यासारखा दुसरा वर्ग नाही.

हे जमलं की पुढचं स्वप्न लक्षद्वीपचं ठेवावं. तिथे 36 बेटं आहेत, त्यांतल्या दहांवर वस्ती. रहिवासी जवळजवळ सगळे मुस्लीम, जायला परवाना लागतो आणि जहाज कोचीहून सुटतं. तोवर मालवण आपलं आहे. तिकीट काढा, सफरीची दुआ पढा आणि यावेळी बॅगा सांभाळायला आळीपाळीने सर्वांना बसवा, मुलग्यांनाही.