खामकाठची पाणचक्की

छत्रपती संभाजीनगरला येणारा पाहुणा वेरूळ-अजिंठा बघतो, बीबी का मकबरा बघतो आणि वेळ उरलाच तर पाणचक्कीत डोकावून जातो. खरे तर इथे सवडीने यावे, आणि सुरुवात खाम नदीवरच्या जुन्या दगडी पुलापासून करावी. कमानींवर तोललेला हा पूल थेट महमूद दरवाजाला जाऊन भिडतो, आणि दरवाजाला लागूनच पाणचक्कीचे आवार आहे.

आत सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. हे बुखाऱ्याकडून आलेले. त्यांच्या तकियात, म्हणजे फकिरांच्या मठात, फकीर, यात्रेकरू यांचा कायम राबता असे. एवढ्या तोंडांना रोज भाकरी घालायची तर दळणाची सोय हवी, त्यासाठी ही चक्की. पाणी आणले ते उत्तरेच्या डोंगरातून, हर्सूलच्या बाजूने, काही किलोमीटर जमिनीखालून, खापराच्या नळांतून. वाटेत जागोजागी बांधीव मनोरे उभारले. त्यांतून पाणी वर चढते, नळात कोंडलेली हवा सुटते आणि पाणी पुढे सरकते. पंप नाही, इंजिन नाही. सगळा खेळ उताराचा आणि दाबाचा.

चक्कीपाशी जरा वाकून बघा. खाली लोखंडी पात्यांचे चाक आडवे बसवले आहे. उंचावरून सोडलेल्या पाण्याचा मारा पात्यांवर बसला की चाक गरगरते आणि त्याच्या उभ्या आसाबरोबर वरचा दगड फिरू लागतो. खालचा दगड जागचा हलत नाही. घरच्या जात्याचीच ही रीत, फक्त खुंट्याला हात लावायला कोणी नको.

मला मात्र चक्कीपेक्षा समोरचा लांबलचक हौद मोठा वाटतो. त्याचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत आहे. एवढ्या पाण्याचे ओझे जाडजूड खांबांच्या रांगांनी पेलले आहे. वर पाणी असल्यामुळे मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही हे दालन गार राहते, म्हणून यात्रेकरूंना विसाव्यासाठी ते उपयोगी पडे. हौद भरून वाहिला की जादा पाणी खामेत. म्हणजे तेच पाणी आधी दळते, मग गारवा देते आणि शेवटी नदीला मिळते. टँकरची वाट बघणाऱ्या मुलखात पाण्याकडून इतकी कामे करून घेणारी ही रचना स्थापत्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला इथे आणून दाखवायला हवी.

खाम पुढे सांडपाण्याने काळवंडली. गेल्या काही वर्षांत तिच्या पुनरुज्जीवनाचे काम सुरू झाले आहे. ते करताना डोंगरातून पाणी आणणारी नळांची नहर, तिचे मनोरे, हौद आणि पूल यांचीही एकत्रित देखभाल व्हावी. नहर बुजली तर चक्की फिरायची थांबेल आणि हौदही कोरडा पडेल.