व्यसनमुक्ती आणि सुरक्षा-परवाना

अमेरिकेत ब्रेमर्टन येथील नौदलाच्या ट्रायडंट पाणबुडी-दुरुस्ती केंद्रात १९८१ साली एक कामगार रुजू झाला. जुन्या शिक्षा, त्यांपैकी काहींची लपवणूक आणि दारूचे व्यसन या कारणांस्तव १९८३ मध्ये त्याला सुरक्षा-परवाना नाकारण्यात आला. पाठोपाठ नोकरीही गेली. शिक्षा भोगून झाली, दारूची अडचणही तीन वर्षांमागची आहे, हे त्याचे म्हणणे व्यर्थ ठरले. 'नौदल विरुद्ध ईगन' या नावाने गाजलेल्या खटल्यात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, परवाना हा कोणाचाच हक्क नव्हे आणि नकाराच्या गुणावगुणांत नोकरीविषयक मंडळाने शिरू नये, असा निर्णय दिला. तो माणूस खरोखर सुधारला होता काय, या प्रश्नात न्यायालयाला शिरावेच लागले नाही.

आयसेनहॉवर यांच्या १९५३ च्या आदेशातच अतिरेकी मद्यपान, अमली पदार्थांचे व्यसन आणि निर्णयशक्ती बिघडवणारे मनोविकार यांची गणना सुरक्षेच्या दोषांत झाली होती. याचा परिणाम व्हायचा तोच झाला. डॉक्टरकडे गेल्याची नोंद होते, न गेल्याची होत नाही. तेव्हा शहाणा कर्मचारी दुखणे अंगावर काढू लागला. वास्तविक लपवलेले व्यसन हेच परकीय हेराच्या हाती सापडणारे खरे हत्यार! १९९५ च्या क्लिंटन यांच्या आदेशाने केवळ मानसोपचारांवरून प्रतिकूल अनुमान काढण्यास मनाई केली. तरीही धास्ती गेली नाही. अखेर २००८ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांना, युद्धजन्य मानसिक त्रासासाठी घेतलेला सल्ला अर्जात नमूद करण्याची गरज नाही, असे जाहीर करावे लागले.

२०१७ पासून लागू झालेली मार्गदर्शक तत्त्वे याहून उदार आहेत. व्यसनाची कबुली, उपचारांची पूर्तता आणि टिकलेला संयम या गोष्टी अर्जदाराच्या बाजूने धरल्या जातात. उलट उपचारांचा सल्ला धुडकावणे हाच दोष मानला जातो. शंका उरलीच तर मात्र कौल राष्ट्राच्या सुरक्षेकडे. तेही समजण्यासारखे आहे.

खटकते ते एक कलम. चालू उपचारांचा लाभ त्यालाच, ज्याच्या इतिहासात पूर्वी उपचार घेऊन पुन्हा व्यसनाकडे वळल्याची नोंद नाही. पहिल्या प्रयत्नात पाय घसरणे हे या आजारात नित्याचेच. म्हणजे जो वेळीच उपचारांना गेला, घसरला आणि पुन्हा उभा राहिला, त्याला हे दार बंद. वर्षानुवर्षे लपवून शेवटी प्रथमच दवाखान्याची पायरी चढलेल्याला ते उघडे. पहिल्याला इतर कलमांचा आधार आहे खरा. परंतु त्यासाठी प्रदीर्घ संयमाचा पुरावा त्यालाच गोळा करावा लागतो आणि तोवर नोकरी टांगणीला लागलेली असते.