मक्याचा पहिला महिना

मक्याच्या दोन ओळींत साधारण दोन फूट अंतर असतं आणि रोप सुरुवातीला सावकाश वाढतं. पावसाळ्यात ही मोकळी जागा केना, घोळ, चिमणचारा बघता बघता बळकावतात. पेरणीनंतर १५ ते ४५ दिवसांत तण वरचढ झालं, तर पुढे कितीही खुरपलं तरी घट भरून निघत नाही. खताचा मोठा वाटा तणाने आधीच खाल्लेला असतो. एकदा पीक वर आलं, ओळी झाकल्या, की सावलीच तणाला दाबते. त्यामुळे दुकानात ‘कोणतं औषध देऊ?’ या प्रश्नाआधी पेरणीला किती दिवस झाले, हे पाहायला हवं.

अ‍ॅट्राझीन या तणनाशकाची ५० टक्के पावडर हेक्टरी १ ते २ किलो, पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत, तण उगवण्याआधी फवारतात. कोवळं तण ती मुळांवाटे घेतं आणि त्याचं पानांत अन्न तयार करणं थांबतं; मका मात्र तिचं आपल्या पेशींत विघटन करतो. हे घडायला जमिनीत ओल हवी. कोरड्या ढेकळांवर मारलेलं औषध वाया जातं. फ्लॅट फॅन नोझल लावून मागे सरकत फवारावं, म्हणजे ओलसर थर पायाखाली तुटत नाही. ही वेळ हुकली तर उगवलेल्या तणावर मारायला टेम्बोट्रिओन किंवा टोप्रामेझोन आहे, पण तण दोन ते चार पानांवर असेपर्यंतच. गुडघाभर तणावर दुप्पट मात्रा मारणं म्हणजे निव्वळ खर्च, वर पिकालाही धोका.

‘त्यापेक्षा निंदणी बरी’ हे म्हणणं चुकीचं नाही. पण झड लागली की रानात पाऊल टाकता येत नाही, आणि उघडीप मिळताच सोयाबीन, कापूस, मका सगळ्यांनाच मजूर एकदम हवे असतात. विषाची भीती मात्र मला गंभीर वाटते. भूजलात उतरत असल्यामुळे युरोपीय संघाने २००४ मध्ये अ‍ॅट्राझीनची मान्यता नाकारली, आणि एकाच गटाचं औषध वर्षानुवर्षं मारल्याने त्याला न जुमानणारं तण अमेरिकेत १९६०च्या दशकातच आढळलं होतं. म्हणून विहिरीलगतची पट्टी सोडावी, गट बदलावा आणि तीन आठवड्यांनी कोळपं फिरवावंच. लव्हाळ्याच्या जमिनीतल्या गाठींना अ‍ॅट्राझीन दाद देत नाही. तिथे कोळपणी-खुरपणी चुकत नाही. मक्यात उडीद किंवा सोयाबीनचं आंतरपीक असेल, तर अ‍ॅट्राझीनचा डबा उघडूच नये, कारण ते त्या रोपांनाही तणासारखंच जाळतं.