तळ्यांतील मिशाळ मासा व आपलें स्वयंपाकघर

आपला पाथर्डी तालुका पर्जन्यछायेंतील. नदीकाठच्या लोकांप्रमाणें मासळी हें येथील रोजचें अन्न कधींच नव्हतें. परंतु मुळा धरण व पैठणचा नाथसागर हे मासळीचे मोठे साठे आतां आपल्यापासून फारसे दूर नाहींत, आणि गांवोगांवीं शेततळींही झालीं आहेत. तळ्यांत व पिंजऱ्यांत वाढविलेले मिशाळ मासे स्वस्त असल्यामुळें पुष्कळ कुटुंबें ते घेतात. ते कसे ओळखावे व घरीं कसे शिजवावे, याचा विचार येथें करावयाचा आहे.

या वर्गांतील माशांच्या अंगावर खवले नसतात व तोंडाभोंवतीं मांजरासारख्या मिशा असतात. पाळलेल्या माशांत त्यांचे दोन प्रकार विशेष आढळतात. पहिला पंगस. हा मूळचा मेकाँग नदींतला. सन १९९५ च्या सुमारास तो बांगलादेशांतून पश्चिम बंगालमध्यें आला व पुढें आंध्र प्रदेशांतील तळ्यांत त्याची मोठी पैदास होऊं लागली. महाराष्ट्रांतील जलाशयांतही तो पिंजऱ्यांत वाढवितात. हॉटेलांत ‘बासा’ म्हणून मिळणारें मांस बहुधा याचेंच असतें. त्याचें अंग रुपेरी, मिशा चार, पाठीवरचा पर आंखूड व शेपूट दुभंगलेलें असतें.

दुसरा मांगूर. त्याचें डोकें चपटें व कठीण, मिशा आठ, आणि पाठीवरचा पर जवळजवळ शेपटापर्यंत गेलेला असतो. कल्ल्यांच्या वर असलेल्या एका विशेष इंद्रियामुळें तो हवेंतूनही श्वास घेतो. म्हणून पाण्याबाहेर तो बराच वेळ जिवंत राहतो व गिऱ्हाइकास ताजा वाटतो.

या मांगुरांतही दोन जाती आहेत. देशी मांगूर हा आपला जुना, चवदार मासा. ‘थाई मांगूर’ म्हणून ओळखला जाणारा मासा वस्तुतः आफ्रिकेंतला आहे. तो मीटरभराहूनही लांब वाढतो व अत्यंत खादाड असतो. नदींत सुटला तर देशी मासे व त्यांचीं पिलें खाऊन टाकतो. शिवाय कांहीं पैदास करणारे त्यास कत्तलखान्यांतील कुजकें मांस घालतात. अशा कारणांनीं भारत सरकारनें सन २००० मध्यें त्याच्या पैदाशीवर बंदी घातली. पुढें राष्ट्रीय हरित लवादानेंही ती कडकपणें अमलांत आणण्यास सांगितलें, आणि उजनी जलाशयाच्या परिसरांतील अशीं तळीं सरकारी खात्यांनीं नष्ट केलीं. तरीही तो चोरून विकला जातो. देशी व थाई मांगूर नुसत्या नजरेनें ओळखणें सामान्य गिऱ्हाइकास कठीण आहे. तेव्हां मोठा व फार स्वस्त मांगूर दिसल्यास तो न घेणेंच बरें. चार पैसे वांचतील, पण मुलांच्या ताटांत आपण काय वाढलें हें आईस कळणार नाहीं.

पंगसाविषयीं पुष्कळांची तक्रार अशी कीं, त्यास चिखलाचा वास येतो. तळ्याच्या पाण्यांतील सूक्ष्म जीव जिओस्मिन नांवाचें द्रव्य तयार करतात व तें माशाच्या चरबींत मुरतें, त्याचा हा वास. पहिल्या पावसानंतर मातीस जो सुगंध येतो, तोही मुख्यतः याच द्रव्याचा. आंबट पदार्थानें त्याचा जोर कमी होतो. आपल्या आज्या माशास चिंच लावीत, त्यांत हें शास्त्र होतें.

साफ करतांना प्रथम छातीजवळचे दोन व पाठीवरचा एक असे तीक्ष्ण कांटे कापून काढावे. ते टोंचल्यास जखम फार ठणकते. मग मीठ व ज्वारीचें पीठ चोळून अंगावरचा बुळबुळीत थर धुवून टाकावा. कल्ले व आंतडीं काढावीं. कडेनें जाणारी तांबूस मांसाची रेघ व पिवळी चरबी कापून टाकावी, कारण वास तेथेंच अधिक असतो. तुकड्यांस मीठ, हळद व चिंचेचा कोळ लावून पंधरा-वीस मिनिटें ठेवावे व सुटलेलें पाणी ओतून द्यावें.

पांच माणसांच्या घरास साफ केलेले पाऊण किलो तुकडे पुरतात. दोन कांदे व अर्धी वाटी सुकें खोबरें भाजून लसूण, आलें व कोथिंबिरीबरोबर वाटावें. दोन चमचे तेलांत हें वाटण परतून वर दोन चमचे काळा मसाला घालावा. मासा स्वतःच तेलकट असल्यानें अधिक तेल नको. तीन वाट्या गरम पाणी, थोडा चिंचेचा कोळ व मीठ घालून रस्सा उकळला म्हणजे तुकडे सोडावे व मंद आंचेवर दहा-बारा मिनिटें शिजूं द्यावे. पळीनें ढवळूं नये, पातेलेंच हलवावें. मांस पांढरें होऊन हाडापासून सहज सुटूं लागलें कीं मासा शिजला असें समजावें. अर्धकच्चा मासा कोणासही वाढूं नये. गोड्या पाण्यांतील माशांत कृमि असूं शकतात.

बाजरीच्या भाकरीबरोबर हा रस्सा उत्तम लागतो. पंगसाच्या मांसांत बारीक कांटे फारच थोडे असतात. म्हणून मधलें हाड काढून, तुकडा हातानें चांचपून तो लहान मुलांसही देतां येतो. शंभर ग्रॅम मांसांत सुमारें १५ ग्रॅम प्रथिनें मिळतात.

विद्यार्थी मित्रहो, बाजारांत पिशवी घेऊन पुष्कळदां तुम्हीच जातां. विक्रेत्यास दोन प्रश्न अवश्य विचारा: हा मासा कोणता, आणि कोणत्या पाण्यांतला? जो सरळ उत्तर देईल त्याच्याकडूनच घ्या. ज्या पालकांचें शेततळें आहे, त्यांनींही मत्स्यबीज घेतांना हेच प्रश्न विचारावे. कारण पावसाळ्यांत तळें भरून वाहिलें व थाई मांगूर एकदां ओढ्यांत गेला, म्हणजे तो पुन्हां गोळा करतां येत नाहीं.