गुगलवर आणि एआयवर आपला धंदा दिसत का नाही? शेतकऱ्यांनी, घरगुती उद्योगवाल्यांनी समजून घ्यायच्या साध्या गोष्टी

माणिकपूर (वसई) : गेल्या हंगामात आमच्या घरच्या सुकेळीसाठी एक छोटी वेबसाईट बनवून घेतली. बनवणाऱ्याने बारा हजार रुपये घेतले आणि सांगितलं, "आता गिऱ्हाईक आपोआप येणार." चार महिन्यांत वेबसाईटवरून एकही फोन आला नाही. शेवटी मी शेजारच्या मुलाच्या मोबाईलवर गुगलला विचारलं, 'माणिकपूर सुकेळी'. समोर काय आलं? उत्तर प्रदेशातलं माणिकपूर! चित्रकूट जिल्ह्यात त्या नावाचं मोठं रेल्वे जंक्शन आहे. आमचं नाव कुठेच नाही.

मग मी या विषयाच्या मागेच लागलो. जे समजलं ते आपल्या भाषेत सांगतो, कारण ही अडचण एकट्या माझी नाही. आगाशीची सुकेळी, बहाडोलीची जांभळं, घोलवडचे चिकू, किनाऱ्यावरची घरगुती राहण्याची सोय, या सगळ्यांचं गिऱ्हाईक मुंबईत बसून मोबाईललाच विचारतं.

गुगल आणि एआय काम कसं करतं?

गुगलचा प्रोग्राम वेबसाईटवर फिरतो, तिथलं लिखाण वाचतो आणि स्वतःकडे नोंद करून ठेवतो. कोणी काही विचारलं की त्या नोंदीतून जुळणारी पानं दाखवतो. नोंदच नसेल तर तुम्ही दिसणार नाही. सात-बारावर नाव नसेल तर जमीन कितीही वर्षं कसली तरी कागदावर ती तुमची होत नाही, तसंच हे.

आता त्यात एआय आलं. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं. ऑगस्ट 2024 पासून गुगलनेही भारतात शोधाच्या वर एआयने तयार केलेलं उत्तर दाखवायला सुरुवात केली. हे एआय चार-पाच ठिकाणचं वाचून स्वतःच उत्तर तयार करतं. गिऱ्हाईक बऱ्याचदा तेवढंच वाचतं, वेबसाईट उघडतच नाही. त्यामुळे त्या उत्तरात आपलं नाव, गाव आणि माल आला पाहिजे. आपण नीट लिहिलं नसेल तर दुसऱ्याचं नाव येतं, नाहीतर चुकीची माहिती येते.

आमचं काय चुकलं होतं?

पहिली चूक, सगळी माहिती एका रंगीत फोटोत होती. भाव, वजन, फोन नंबर, सगळं चित्रात. माणसाला ते दिसतं, पण यंत्राला साधी अक्षरं जितकी नीट कळतात तितकं चित्रातलं कळत नाही. दुसरी चूक, गावाचं नाव नुसतं 'माणिकपूर'. तिसरी, 'सर्वोत्तम दर्जा, वाजवी दर' असली वाक्यं. त्यातून गिऱ्हाईकाच्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नव्हतं.

मग करायचं काय?

1. पत्ता पूर्ण लिहा. 'माणिकपूर, वसई पश्चिम, जिल्हा पालघर' असा. एकाच नावाची गावं देशात खूप आहेत.

2. गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं तेच लिहा. सुकेळी म्हणजे काय? कुठल्या केळ्याची? किती दिवस टिकते? पावसाळ्यात मिळते का? एक प्रश्न, त्याखाली दोन-तीन ओळींत सरळ उत्तर. 'राजेळी केळी पिकवून, सोलून उन्हात वाळवतो आणि केळीच्याच सुक्या पानात बांधतो. ऊन लागतं म्हणून पावसाळ्यात बनवत नाही.' एवढं पुरे. असं उत्तर एआयला उचलायला सोपं जातं.

3. आकडे द्या. वजन किती, भाव किती, हंगाम कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, आणि माहिती कुठल्या तारखेची. अमेरिकेतलं प्रिन्स्टन विद्यापीठ आणि आयआयटी दिल्ली इथल्या संशोधकांनी 2024 मध्ये छापलेल्या अभ्यासात हेच दिसलं. आकडे, कोणाचं म्हणणं आणि माहितीचा आधार दिला की एआयच्या उत्तरात ते पान दिसण्याचं प्रमाण 40 टक्क्यांपर्यंत वाढलं. एकच शब्द पानभर कोंबला तर खास फायदा झाला नाही.

4. लोक जसं बोलतात तसे शब्द ठेवा. कोणी 'सुकेळी' म्हणतं, कोणी 'सुकेली', कोणी 'वाळवलेली केळी'. मुंबईचं गिऱ्हाईक इंग्रजी अक्षरांत टाईप करतं. हे सगळे शब्द वाक्यात एकेकदा सहज येऊ द्या. शक्य असेल तर मराठी, हिंदी, इंग्रजी अशी तीन पानं करा.

5. गुगलवर धंद्याची नोंद करा. याला 'गुगल बिझनेस प्रोफाईल' म्हणतात आणि ती फुकट असते. फोनवरून किंवा व्हिडिओ काढून खात्री करून घेतात. दुकान नसेल, घरूनच माल जात असेल, तर घरचा पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात माल देता ते टाकता येतं. वेबसाईट नसली तरी एवढं कराच.

6. सगळीकडे एकच माहिती ठेवा. वेबसाईटवर एक नंबर, फेसबुकवर जुना नंबर, गुगलवर तिसराच, असं असलं की यंत्राचा गोंधळ होतो. गिऱ्हाईकाचाही होतो.

7. खरे अभिप्राय मागा. माल आवडला तर गिऱ्हाईकाला दोन ओळी लिहायला सांगा. पैसे देऊन खोटे अभिप्राय घेऊ नका. गुगलच्या नियमात ते बसत नाही, नोंदच बंद होऊ शकते.

फसू नका

'तुम्हाला गुगलवर पहिल्या नंबरला आणतो, गॅरंटी' असे फोन येतात. गुगल स्वतःच सांगतं की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. जाहिरातीचे पैसे भरले तर 'स्पॉन्सर्ड' अशी खूण लावून दिसता येतं, पण खालच्या साध्या यादीतली जागा विकत मिळत नाही. ओटीपी तर कोणालाच देऊ नका. वेबसाईट बनवून घेताना खातं आपल्या ईमेलवर ठेवा, आणि बनवणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा, "साईट गुगलसाठी उघडी आहे का, सर्च कन्सोलमध्ये दाखव." सर्च कन्सोलही फुकट आहे.

आम्ही फोटो काढून टाकला आणि घरच्या मुलीने एका संध्याकाळी दहा प्रश्नांची उत्तरं लिहिली. लगेच काही झालं नाही, थोडे आठवडे गेले. मग बोरिवलीहून एका बाईंचा फोन आला, "पानात बांधलेली मिळते ना?" ते वाक्य तिने आमच्याच पानावर वाचलं होतं. धंदा काही रातोरात वाढला नाही, पण रस्ता कळला.

आज एवढं करा. दुसऱ्याचा मोबाईल घ्या आणि गुगलला व एआयला आपल्या मालाबद्दल, आपल्या गावाचं नाव घेऊन विचारा. काय उत्तर येतं ते बघा. चुकीचं आलं किंवा काहीच आलं नाही, तर लिहायचं काम कुठून सुरू करायचं ते तिथेच कळेल. माहिती उपयोगी वाटली तर बचत गटातल्या ताईंना आणि गावच्या ग्रुपवर जरूर पाठवा.