कोळशाच्या खाणीची देणी

खेड आणि चिपळूण यांच्या दरम्यान, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेने पसरलेल्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत रसायनांचे जे कारखाने अहोरात्र चालतात, त्यांना विजेइतकीच निकड असते ती वाफेची. आणि वाफेसाठी बॉयलरच्या पोटात काही ना काही अखंड जळत राहावे लागते. कोणी फर्नेस ऑइल जाळतो, कोणी भुशाच्या नि चिपाडाच्या ब्रिकेट वापरतो, आणि ज्याला वाफ मोठ्या प्रमाणावर हवी असते तो बहुधा कोळशाकडे वळतो. पावसाळ्यात ताडपत्री घातलेला ट्रक आवारात रिकामा होऊ लागला, की बॉयलरवरचा जाणता माणूस पहिल्या घमेल्यातला कोळसा हातात घेऊन दाबून पाहतो. कारण भिजलेल्या कोळशाची बरीचशी उष्णता त्याच्याच अंगचे पाणी उडविण्यात खर्ची पडते, आणि वजन मात्र पाण्यासकट मोजून घेतलेले असते. परशुराम घाटात दरड कोसळून वाहतूक खोळंबली, तर शेडमधला साठा किती दिवस पुरेल याची चिंता निराळीच.

ज्या जिल्ह्यात जांभा आणि त्याखालचा काळा कातळ यांच्या पोटी दगडी कोळशाची खाण नाही, त्या जिल्ह्याचा कोळशाशी एवढा घनिष्ठ संबंध असावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. रत्नागिरी जिल्ह्यात ऊर्जेची तिन्ही रूपे एकत्र नांदतात. पोफळीला कोयनेचे पाणी कोसळून वीज देते, पण कृष्णा पाणीतंट्याच्या निवाड्याने पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर वर्षाला 67.5 टीएमसींची मर्यादा घातलेली आहे. अंजनवेलचा 1,967 मेगावॅटचा प्रकल्प वायूवर चालावयाचा, पण परवडणाऱ्या भावात पुरेसा वायू मिळेना म्हणून त्याची पुष्कळशी शक्ती पडून राहिली. आणि जयगडच्या 1,200 मेगावॅटच्या केंद्राला परदेशचा कोळसा जहाजाने येऊन मिळतो. हा कोळसा सातासमुद्रापलीकडून आणावा आणि आपल्याच राज्यातल्या चंद्रपूरचा आणू नये, याचे कारण अंतरात आहे. खाणीच्या तोंडाशी स्वस्त असलेला कोळसा रेल्वेने राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेईपर्यंत भाड्यानेच इतका महाग होतो, की किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकाला समुद्रमार्गच जवळचा वाटू लागतो. मात्र त्या मार्गाचीही शाश्वती नाही. 2022 च्या जानेवारीत इंडोनेशियाने आपली निर्यात एकाएकी थांबविली, आणि त्याच वर्षी युक्रेनच्या युद्धामुळे ऑस्ट्रेलियाच्या न्यूकॅसल बंदरातील कोळशाचा भाव टनाला 400 डॉलरांच्या वर गेला, तेव्हा लहान कारखानदार अक्षरशः हवालदिल झाले.

परंतु भावाची चढउतार हा या धंद्याचा वरवरचा रोग आहे. त्याची मूळ अडचण पाहावयाची तर विदर्भात, वर्धा नदीच्या खोऱ्यात गेले पाहिजे. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या गोंडवनी खडकांत दडलेला तिथला कोळसा इंग्रजी अमदानीत प्रथम वरोऱ्याला सरकारी खाणीतून निघू लागला, आणि ती खाण 1906 साली बंद झाली. पुढे बल्लारपूर, घुग्घूस, माजरी, वणी, उमरेड अशी खाणगावे वसली. 1973 साली राष्ट्रीयीकरण झाले, आणि 1975 साली नागपूरला मुख्य कचेरी असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे तिकडच्या बोलीतली ‘वेकोलि’, अस्तित्वात आली. मध्य प्रदेशातल्या खाणी धरून या कंपनीने 2023-24 साली सुमारे 69 दशलक्ष टन कोळसा काढला. चंद्रपूरच्या 2,920 मेगावॅटच्या महाऔष्णिक केंद्राच्या भट्ट्या मुख्यतः याच खोऱ्यावर पेटलेल्या आहेत.

कोणत्याही खाणीत उथळ आणि सोपा कोळसा आधी निघतो. जसजसे खोल जावे, तसतशी त्यावरची माती आणि दगड, ज्याला खाणीवर सगळे ‘ओबी’ म्हणतात, ते अधिकाधिक उपसावे लागतात. एका टनासाठी कित्येक घनमीटर डोंगर हलवावा लागतो, डंपरची फेरी लांबते, डिझेल वाढते, पाण्याचा उपसा वाढतो. म्हणजे खाण म्हातारी होते तसा टनामागचा खर्च चढतो. भूमिगत खाणींची दशा याहून बिकट आहे. कोल इंडियाच्या एकूण उत्पादनात त्यांचा वाटा पाच टक्क्यांच्याही आत आला आहे, पण त्यांतल्या माणसांचे पगार, हवेची नि पाण्याची यंत्रे आणि छताचे आधार यांत कपात करता येत नाही. तिकडे भाव मनास येईल तसा वाढविण्याची मुभा नाही. दीर्घ मुदतीच्या करारांवर जाणाऱ्या कोळशाचा दर कंपनी अधिसूचनेने ठरविते, आणि त्यापासून तयार झालेली वीज कोट्यवधी घरांत जात असल्यामुळे तो दर चढविताना सरकारदरबारी दहा वेळा विचार होतो. लोट्यासारख्या ठिकाणच्या लहान खरीददाराला करार सहसा लाभत नाही, त्याला ई-लिलावाच्या चढ्या भावात उतरावे लागते. सारांश, मोठ्या गिऱ्हाइकाच्या सवलतीचा काही भार धाकट्याच्या खांद्यावर येतो.

हे सारे धंद्याच्या चालू खात्यातले झाले. खाण मिटल्यानंतरचे खाते कोणी भरावयाचे, हा प्रश्न मला याहून पुष्कळ गंभीर वाटतो. केंद्र सरकारने 2009 साली खाण बंद करण्याचे नियम घालून दिले, त्यांत खुल्या खाणीच्या क्षेत्रासाठी दर हेक्टरी सहा लाख रुपये, दरवर्षी पाच टक्के वाढ धरून, एस्क्रो खात्यात टप्प्याटप्प्याने जमा करण्याची तजवीज होती. तरतूद स्तुत्य, यात शंका नाही. पण हिशेब एकरी मांडून पाहावा. हेक्टरी सहा लाख म्हणजे एकरी सुमारे दोन लाख चाळीस हजार. आणि 2012 साली वेकोलिच्या क्षेत्रात जमीन घेताना जो मोबदला ठरला तो पडीक जमिनीस एकरी सहा, कोरडवाहूस आठ आणि ओलितास दहा लाख. जमीन नुसती घ्यावयास जेवढी रक्कम लागली, तिच्या निम्म्याहूनही कमी रकमेत तोच खड्डा भरून, उतार बांधून, वरची काळी माती पसरून, झाडे जगवून ती पूर्ववत करता येईल, असे मानणे हा हिशेब नव्हे, ती आशा होय. ज्याची जमीन गेली त्या कुटुंबाला दर दोन एकरांमागे एक नोकरी मिळते खरी. पण नोकरी एका पिढीची असते, आणि भरून समतल केलेली जमीन मूळ खातेदाराच्या सातबाऱ्यावर परत चढावी, अशी वहिवाट अद्याप पडलेली नाही.

जमिनीखालची देणी तर दिसतही नाहीत. घुग्घूसच्या आमराई वॉर्डात 2022 च्या ऑगस्टमध्ये एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. ज्या पिढीने तो कोळसा काढला, विकला आणि जाळला, तिचा ताळेबंद केव्हाच मिटला होता. हवेचेही तसेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली देशातील औद्योगिक क्षेत्रांची जी प्रतवारी लावली, तीत चंद्रपूर 83.88 गुणांकासह चौथे आले. त्या धुळीचा औषधपाण्याचा खर्च कोळशाच्या कोणत्याही बिलात आढळणार नाही.

वेकोलिने काही चांगले प्रयत्न केले आहेत, आणि त्यांचा उल्लेख टाळणे अन्यायाचे होईल. पाटणसावंगीच्या खाणीतील पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ या नावाने बाटल्यांत भरले गेले. गोंडेगावला ओबीतून वाळू वेगळी काढण्याचा कारखाना उभा राहिला, आणि ती वाळू नागपूरकडे घरबांधणीसाठी गेली. नदीपात्रे उपसून वाळू ओरबाडणाऱ्या आपल्या राज्यात हा मार्ग फार मोलाचा आहे. मात्र खाणीचे पंप थांबले म्हणजे या योजनांचे काय होणार, याचे उत्तर आजच लिहून ठेविले पाहिजे. जर्मनीच्या रूर खोऱ्यात 2018 च्या डिसेंबरात दगडी कोळशाची शेवटची खाण बंद झाली; पण तिथल्या खाणींत साचणारे पाणी उपसण्याचे काम कायमचे चालू ठेवावे लागणार आहे, आणि त्यासाठी वर्षाला कोट्यवधी युरो देणारा एक न्यास त्यांनी 2007 सालीच, म्हणजे खाणी चालू असतानाच, स्थापून ठेविला होता.

असा निधी आपल्याकडे उभा राहू शकला नसता असे नाही. कोळशावर 2010 साली टनामागे पन्नास रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर बसला, तो 2016 पर्यंत चारशेवर गेला, 2017 पासून जीएसटीच्या भरपाईकडे वळविला गेला, आणि 2025 च्या 22 सप्टेंबरला तो रद्द होऊन कोळशावरील जीएसटी पाचवरून अठरा टक्क्यांवर आला. 69 दशलक्ष टनांवर चारशे रुपयांप्रमाणे ढोबळ हिशेब केला, तर एकट्या वेकोलिच्या कोळशावर वर्षाला सुमारे 2,760 कोटी रुपये होतात. ही रक्कम लोट्याच्या कारखानदारानेही आपल्या वाट्यापुरती भरली आणि वीजबिलातून आपण सर्वांनी भरली. तिच्यातला कोणताही ठरीव हिस्सा खाणगावांच्या उद्यासाठी बांधून ठेविलेला नव्हता. आज उरतो तो स्वामित्वधनाच्या हिश्शातून चालणारा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी. त्यातून रस्ते, इमारती, दवाखाने होतात, आणि ते व्हावेतही. परंतु माझे आग्रहाचे म्हणणे असे आहे, की चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर या जिल्ह्यांत या निधीचा एक ठरावीक भाग कायम ठेव म्हणून अलग काढावा, मुद्दलास हात लावण्याची मनाई असावी, आणि त्याच्या व्याजावर पहिला हक्क जुन्या खाणींवरील वस्त्यांच्या स्थलांतराचा, पंपांचा, आणि ओबी उपसणाऱ्या ठेकेदारांकडे राबणाऱ्या त्या मजुरांच्या नव्या कामधंद्याचा असावा, ज्यांची नावे कंपनीच्या हजेरीपटावर नसतात आणि खाण बंद होताच ज्यांना कोणतेही देणे लागू होत नाही.