लेकराचं ‘मले पानी’ कोणाला समजेल?

२१ नोव्हेंबर २०२५ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या. चर्चा झाली ती पगार, ग्रॅच्युइटी आणि कामाच्या तासांची. पाळणाघराच्या कलमाकडे फारसं कोणी पाहिलं नाही. १९४८च्या कारखाना कायद्यात तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तरच पाळणाघर बंधनकारक होतं. आता अट साधारण पन्नास कामगारांची आहे आणि त्यात पुरुषही मोजले जातात. मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यात, बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत रोज पाळीला जाणाऱ्या आईबापांनी हे कलम पाठ करून ठेवावं.

पाळणाघर मिळालं तरी ते निवडायचं कसं? सहसा आपण भिंतीवरची चित्रं, घसरगुंडी आणि कॅमेरे बघून येतो. बघायला हवी ती सांभाळणारी बाई. केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सेविका धरली आहे. मला हे प्रमाणही जास्तच वाटतं. दोघं रडत असतील, तिसऱ्याची शी काढायची असेल, तर उरलेल्या सातांकडे कोण बघणार?

आपल्या पांढुर्णा-सौंसरात आणखी एक प्रश्न आहे, आणि माझ्या मते तो पहिला विचारायला हवा. ही बाई घरी कोणती भाषा बोलते? आपल्याकडे पाटी हिंदीत, शाळा हिंदीत, पाळणाघरासाठीचा झूलाघर हा शब्दही हिंदीच. पण दीड-दोन वर्षांचं पोर ‘मले पानी’ म्हणतं, ‘पोट दुकते’ म्हणतं. ते ज्या बाईला लगेच उमगत नाही तिच्याजवळ लेकरू आठवडाभरात गप्प होतं, आणि आपण कौतुकाने म्हणतो, शहाणं झालं! हिंदी ते पुढे शिकेलच. आजारपण, भीती, मार हे सगळं मात्र त्याला आज सांगता यायला हवं.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी हे केव्हाच ओळखलं होतं. लग्नानंतर काही वर्षं त्या आपल्या शेजारच्या अमरावतीत होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी माँटेसरीची पद्धत गुजराती मुलांच्या भाषेत रुजवली. १९४५ला बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर चालणारा ‘अंगणवाडी’ हा शब्द त्याच कामातला. गावातली ताई, ओळखीचं अंगण, ओळखीची बोली. म्हणून महागड्या प्ले स्कूलआधी मी अंगणवाडी बघायला सांगेन. अडचण वेळेची आहे. अंगणवाडी दुपारनंतर बंद होते, पाळी संध्याकाळपर्यंत चालते. केंद्राच्या ‘पालना’ योजनेत अंगणवाडीलाच जोडून सहा महिन्यांपासूनच्या मुलांसाठी पाळणाघर काढता येतं. नव्या पांढुर्णा जिल्ह्याने त्याची मागणी लावून धरायला हवी.

तोवर जे मिळेल ते बघायला जाताना न सांगता जा, दुपारी एकच्या सुमारास, जेवण आणि झोपेच्या वेळी. दार उघडायला किती वेळ लागतो तेही बघा.

कापूस वेचणाऱ्या बाईपर्यंत यातलं काहीच पोचत नाही. २००५च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाच लेकरं आली की त्यांच्यासाठी एक बाई मजुरीवर नेमायची तरतूद होती. खाजगी शेतात तेवढंही नाही. तिथे लिंबाच्या फांदीला झोळी असते, आणि ती हलवायला पाच वर्षांची बहीण.